पदवी ही बेरीज नव्हे : पदवी-नियोजनाच्या ॲपची भाषा आणि घाटंजीचा विद्यार्थी

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्यार्थ्याला आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमाची आखणी स्वतः करता यावी, याकरिता मोबाइलवर चालणारे सुलभ ॲप असावे, ही कल्पना विद्यापीठीय वर्तुळात आता वारंवार मांडली जाते. तिच्या इष्टतेविषयी फारसा मतभेद नाही. परंतु ‘सुलभ’ या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, याचा विचार मात्र बहुधा रंग, चिन्हे, कळा आणि पडद्यावरील मांडणी यांपाशीच थांबतो. वस्तुतः पदवीचे नियोजन हा प्रथमतः अर्थबोधाचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याला जे ठरवावयाचे असते ते त्याला कोणत्या शब्दांत सांगितले जाते, त्या शब्दांतून त्याला काय कळते आणि काय कळावयाचे राहून जाते, यावर ॲपची सुलभता अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या अंगाने तिची परीक्षा केली आहे.

हा प्रश्न आजच का उद्भवला, हे ध्यानी घेतले पाहिजे. विदर्भातील विद्यापीठांच्या जुन्या बी. ए.च्या रचनेत अनिवार्य भाषा आणि तीन ऐच्छिक विषय अशी चौकट होती. प्रवेशाच्या वेळी एकदा निवड झाली की पुढील तीन वर्षांचा मार्ग बहुतांशी ठरून जाई. नियोजन असे वेगळे करावे लागत नसे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुसार महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने श्रेयांकांची नवी चौकट घालून दिली. ती २०२३-२४ पासून विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त महाविद्यालये यांत, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. मेजर, मायनर, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, क्षमतावर्धक व मूल्यशिक्षणाचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क असे अनेक गट आता प्रत्येक सत्रात हिशेबात धरावे लागतात. पूर्वी जी निवड एकदा होत असे ती आता सत्रागणिक होते, आणि एका सत्रातील निवडीचे परिणाम पुढील सत्रांत उमटतात.

या प्रश्नाची कसोटी म्हणून येथे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे तालुक्याचे गाव घेतले आहे. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा पसारा त्याच्या कक्षेत येतो, आणि घाटंजी ही त्यांतलीच एक जागा होय. ॲपची कल्पना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सहसा मोठ्या शहरातील, अनेक विभागांनी गजबजलेले विद्यापीठाचे आवार असते. घाटंजीचा विद्यार्थी त्या आवारात राहत नाही. जे ॲप त्याला उपयोगी पडेल ते आवारातील विद्यार्थ्यालाही पडेल. याच्या उलट मात्र म्हणता येत नाही. ही जागा निवडण्याचे कारण एवढेच.

२. पेढीचे रूपक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विनियम करून शैक्षणिक श्रेयांकांची बँक स्थापन केली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि एका संस्थेतील श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. व्यवस्था म्हणून तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु बँक हे येथे एक रूपक आहे, आणि रूपके केवळ अलंकाराची कामे करीत नाहीत, ती विचाराला वळण लावतात, हे लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० मध्ये विस्ताराने दाखवून दिले आहे. पेढीतील पैशाचा विशेष असा की एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असतो. कोठून आला यावरून त्याची किंमत बदलत नाही. श्रेयांकाचे तसे नाही. इतिहासाचे चार श्रेयांक रसायनशास्त्राच्या चार श्रेयांकांच्या जागी चालत नाहीत. खुल्या ऐच्छिक विषयाचे श्रेयांक मेजरची उणीव भरून काढीत नाहीत. पेढीचे रूपक मनात धरलेला विद्यार्थी मात्र स्वाभाविकपणेच बेरीज करू लागतो.

या बेरजेचा धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शासनाच्या चौकटीप्रमाणे पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ आणि चौथ्या वर्षाअखेर १६० ते १७६ श्रेयांक होतात, आणि प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडण्याची सोय आहे. परंतु पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्याने या श्रेयांकांखेरीज आणखी चार श्रेयांकांचा कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम अथवा आंतरवासिता पूर्ण केलेली असावी लागते. म्हणजे ज्याच्या खात्यावर ४४ श्रेयांक आहेत आणि ज्याने हे जादा चार मिळविलेले नाहीत, त्याच्या हाती वर्षभराच्या अभ्यासानंतर प्रमाणपत्र पडत नाही. जे ॲप अशा विद्यार्थ्याला ‘४४ पैकी ४४’ असे दाखवून हिरवी खूण करते ते गणिताच्या दृष्टीने खरे बोलते, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याची दिशाभूल करते.

कापसाच्या पट्ट्यातील लहान गावात शिक्षण मध्येच सोडावे लागणे ही कल्पनेतील आपत्ती नव्हे. घरची शेती, लग्न, मजुरीसाठी स्थलांतर यांपैकी कोणतेही कारण पुरे होते. ज्याला सोडावे लागणार आहे त्याला ते पुष्कळदा उन्हाळ्याच्या आरंभीच दिसू लागते. त्या वेळी ‘हे चार श्रेयांक पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळेल, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येईल’ हे वाक्य त्याला सांगितले गेले, तर गेलेले वर्ष वाया जात नाही. श्रेयांक बँकेत सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंतच ग्राह्य राहतात, ही गोष्टही त्याच वेळी सांगावयास हवी. नियोजनाच्या साधनाचे खरे मोल अशा प्रसंगी ठरते.

पेढीच्या रूपकातून मराठीत आणखी एक घोटाळा उत्पन्न होतो. ‘१२ श्रेयांक बाकी’ या शब्दसमूहाचा अर्थ काय? खात्यावरील बाकी म्हणजे जमा असलेली शिल्लक. देण्यातील बाकी म्हणजे अजून फेडावयाची रक्कम. दोन्ही अर्थ मराठीत सारखेच रूढ आहेत. एरवी संदर्भ अर्थ निश्चित करतो. पण ज्या पडद्यावर ‘खाते’, ‘जमा’ आणि ‘बँक’ हे शब्द अगोदरच आलेले आहेत तेथे संदर्भच वाचकाला विपरीत अर्थाकडे नेतो. ‘मिळालेले’ आणि ‘मिळवायचे’ हे दोन साधे शब्द वापरल्यास ही संदिग्धता राहत नाही.

३. यादी आणि वाक्य

भाषेच्या घटकांत दोन प्रकारचे संबंध असतात, हा सोस्यूरचा विचार १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांपासून सर्वपरिचित आहे. एकाच जागी जे घटक परस्परांऐवजी येऊ शकतात त्यांच्यातील संबंध एका प्रकारचा. वाक्यात एकामागून एक येणाऱ्या घटकांतील संबंध दुसऱ्या प्रकारचा. पहिल्याला गणसंबंध आणि दुसऱ्याला विन्याससंबंध म्हणता येईल. पदवीच्या रचनेला हे विवेचन नेमके लागू पडते. एका सत्रातील एका गटात कोणकोणते विषय घेता येतात, हा गणसंबंध होय. या सत्रातील निवडीने पुढच्या सत्रात काय शक्य होते आणि काय अशक्य होते, हा विन्याससंबंध होय.

विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका गणसंबंध उत्तम दाखवितात. गटांचे तक्ते, प्रत्येक गटाखाली विषय, विषयापुढे श्रेयांक, असे त्यांचे स्वरूप असते. विन्याससंबंध मात्र निरनिराळ्या नियमांत, तळटिपांत आणि परिपत्रकांत विखुरलेले राहतात. ॲपने या तक्त्यांचेच चित्र मोबाइलवर आणले तर पुस्तिकेचा दोष त्यात जसाच्या तसा उतरतो. भर पडते ती फक्त बोटाने सरकविण्याच्या श्रमाची. पदवी ही विषयांची बेरीज नसून विषयांचे वाक्य आहे, आणि वाक्य शुद्ध आहे की नाही हे शब्द मोजून ठरत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात विकसित झालेल्या प्रणालीने पदवी-तपासणीची जी पद्धत रूढ केली तिचे महत्त्व येथेच आहे. विद्यार्थ्याने काय पूर्ण केले याच्यापेक्षा कोणती अट अद्याप पुरी झालेली नाही, हे ती सांगते. ही बेरजेपलीकडे टाकलेली पायरी होय. तरीही तपासणी मागे पाहते. नियोजनाला पुढे पाहावे लागते. ‘हे राहिले आहे’ एवढे सांगून भागत नाही; ‘हे या सत्रात घेतले नाही तर ते पुढे घेता येणार नाही’ असे सांगावे लागते.

आता घाटंजीचे उदाहरण घ्यावे. खुला ऐच्छिक विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा असावा, असा नियम आहे. घाटंजीचे शिक्षण प्रसारक मंडळाचे विज्ञान व गिलानी कला-वाणिज्य महाविद्यालय आपल्या नावातच तीन विद्याशाखा धारण करते. तेथे हा नियम पाळण्याला निदान आधार आहे. जेथे एकच विद्याशाखा आहे अशा महाविद्यालयात तोच नियम कठीण होऊन बसतो. परंतु विद्यापीठाच्या यादीवर बांधलेले ॲप या दोन ठिकाणच्या विद्यार्थ्यांना तीच विषयावली दाखवील आणि प्रत्येक विषयापुढे लिहील : ‘घेता येतो’.

या ‘घेता येतो’चे पृथक्करण केल्यास त्यात चार भिन्न विधाने सापडतात. नियमाची अनुमती आहे, हे पहिले. विद्यार्थ्याच्या महाविद्यालयात तो विषय शिकविला जातो, हे दुसरे. या सत्रात त्यात जागा आहे, हे तिसरे. विद्यार्थ्याने त्याची पूर्वअट पुरी केली आहे, हे चौथे. मराठीतील शक्यार्थक रचना ही चारही विधाने एकाच रूपात सामावून घेते. बोलण्यात ही लवचीकता गुणाची ठरते. नियोजनात ती घातक होते. ‘नियमाने चालतो, परंतु तुमच्या महाविद्यालयात या वर्षी नाही’ असे स्पष्ट सांगणारे ॲप विषयांची संख्या कमी दाखवील, पण त्याने दाखविलेली निवड खरी असेल. ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्यास आयोगाने २०२१ पासून अनुमती दिली आहे. लहान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला ही वाट मोलाची आहे. परंतु महाविद्यालयाची संमती आणि परीक्षाकेंद्राचे अंतर या दोन गोष्टी तिच्यासोबत सांगितल्या नाहीत, तर तीही केवळ कागदावरची वाट ठरते.

४. परिभाषेची परीक्षा

नव्या चौकटीची परिभाषा इंग्रजी आद्याक्षरांनी घडलेली आहे. व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी ही तिची नमुन्याची रूपे. पहिले व्यावसायिक कौशल्याचे, दुसरे कौशल्यवृद्धीचे, तिसरे क्षमतावर्धनाचे, चौथे मूल्यशिक्षणाचे. ध्वनिदृष्ट्या पाहता यांतील शेवटची तीन रूपे केवळ आरंभीच्या अक्षराने वेगळी होतात. म्हणजे ती जवळजवळ न्यूनतम युग्मे आहेत. भाषा अशी युग्मे सहन करते, कारण वाक्याचा उर्वरित भाग अर्थ सावरून घेतो. येथे सावरून घेणारे काहीच नाही. चारही रूपे एकाच तक्त्यात, एकाच स्थानी येतात. फोनवर चौकशी करणाऱ्याला अथवा गर्दीत खिडकीपाशी उभ्या राहिलेल्याला ‘एईसी’ व ‘व्हीईसी’ यांतील भेद ऐकू येईलच, अशी खात्री देता येत नाही.

यावर उपाय म्हणून संस्कृतनिष्ठ प्रतिशब्द घडविण्याकडे मराठी विद्वानांचा कल स्वभावतःच जातो. भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, परिभाषानिर्मितीचे मोठे कार्य झाले आहे आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि प्रतिशब्द शुद्ध असणे आणि तो निवडीच्या क्षणी उपयोगी पडणे, या भिन्न गोष्टी आहेत. ‘मायनर’ला ‘गौण विषय’ म्हटले की विद्यार्थ्याला तो विषय महत्त्वाचा नाही असे वाटू लागते. कारण ‘गौण’ हा शब्द मराठीत क्रम दाखवीत नाही, मूल्य दाखवितो. ‘श्रेयांक’ हा शब्द रूढ झाला आहे आणि तो टिकावा. पण ‘श्रेणी’ आणि ‘गुण’ यांच्या शेजारी तो पहिल्यांदा येतो तेव्हा तिघांतील भेद एका वाक्यात सांगितला गेला पाहिजे. तासिकांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण १५ तासांचे अध्यापन, ही मूर्त व्याख्या कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा अधिक बोधक आहे.

विद्यार्थी स्वतः कोणते शब्द वापरतात, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘विषय राहला’, ‘बॅक लागला’, ‘एटीकेटीत गेला’, ‘सगळे विषय निघाले’ ही त्यांची परिभाषा. तीत उसने शब्द आहेत, वऱ्हाडी रूपे आहेत, आणि तिचे अर्थ पक्के आहेत. ‘निघणे’ म्हणजे उत्तीर्ण होणे, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. अशा परिभाषेला ग्राम्य म्हणून दूर ठेवणारे ॲप त्यांच्याशी परक्या भाषेत बोलू लागते. मानक रूप मुख्य ठेवावे, रूढ रूप त्याच्या जोडीस द्यावे आणि शोधताना दोन्ही चालावीत, हा मध्यममार्ग व्यवहार्य आहे. ‘मायनर’ हा शब्द कायम ठेवून पुढे ‘मुख्य विषयाच्या जोडीचा विषय’ असे स्पष्टीकरण दिले, तर शब्दही राहतो आणि अर्थही पोचतो.

यवतमाळ जिल्ह्यात तर प्रमाण मराठी ही सर्वांची पहिली भाषा नव्हे. कोलामी ही द्राविडी कुळाच्या मध्य शाखेतील भाषा. तिचे एमेनो यांनी केलेले वर्णन १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गोंडी हीही द्राविडीच. बंजारा समाजाची गोरबोली आर्यभाषाकुलातील आहे. या घरांतून येणारा विद्यार्थी मराठी उत्तम जाणतो, पण शासकीय मराठी ही त्याच्या दृष्टीने तिसरी भाषा ठरते. तिच्याखाली इंग्रजी आद्याक्षरांचा थर आला की चौथी. म्हणून वाक्य लहान ठेवणे, क्रियापद उघड ठेवणे आणि वाक्य ऐकण्याची सोय देणे, या गोष्टींना येथे सौजन्यापेक्षा अधिक अर्थ आहे.

५. यंत्राची वाक्ये

प्रणालीने वापरणाऱ्याच्या परिचयाची भाषा बोलावी, हे तत्त्व याकोब नील्सेन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सुलभतेच्या दहा तत्त्वांत समाविष्ट आहे. परंतु इंग्रजीत जे तत्त्व शब्दांच्या निवडीने बव्हंशी साधते ते मराठीत व्याकरणापर्यंत न्यावे लागते. यंत्र वाक्ये साच्यातून काढते : एक रिकामी जागा, आणि तीत विषयाचे नाव. इंग्रजीत कोणतेही नाव घातले तरी वाक्य बदलत नाही. मराठीत ‘इतिहास निवडला आहे’, ‘सांख्यिकी निवडली आहे’, ‘वनस्पतिशास्त्र निवडले आहे’ अशी तीन वाक्ये लागतात, कारण येथे क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. तीच गोष्ट विभक्तीची. ‘सांख्यिकीचे श्रेयांक’ साच्यातून नीट निघते. ‘इतिहासचे श्रेयांक’ मात्र चुकते, कारण तेथे ‘इतिहासा-’ हे सामान्यरूप हवे असते.

ही चूक क्षुल्लक आहे, अर्थ तर कळतो, असा आक्षेप येथे संभवतो. अर्थ कळतो हे खरे. परंतु जे साधन आपल्या भाषेत धड एक वाक्य बोलत नाही, त्याने सांगितलेल्या नियमावर विद्यार्थ्याने विश्वास का ठेवावा? शिवाय उपाय कठीण नाही. एका महाविद्यालयात शिकविल्या जाणाऱ्या विषयांची यादी मर्यादित असते. प्रत्येक नावासोबत त्याचे लिंग आणि सामान्यरूप नोंदवून ठेवले की साचा शुद्ध वाक्ये देऊ लागतो. ‘निवडलेला विषय : इतिहास’ अशी खतावणीची भाषा वापरून अडचण टाळता येते, पण ती टाळताना वाक्यच नाहीसे होते, आणि वाक्याबरोबर त्यातील ‘जर-तर’ही.

याहून गंभीर प्रश्न क्रियापदांच्या अर्थाचा आहे. काही वाक्ये वर्णन करतात, तर काही वाक्ये उच्चारताच कृती घडते, हा भेद ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी सर्वांपुढे आणला. पडद्यावरील कळ हे असेच कृतिरूप वाक्य होय. विद्यार्थी सहा सत्रांची आखणी करतो आणि ‘जतन करा’ ही कळ दाबतो. त्याने काय केले? आखणी ठेवली की विषयाची नोंदणी केली? ‘जतन करा’, ‘सादर करा’, ‘निश्चित करा’ या आज्ञांतील भेद लिहिणाऱ्याला स्पष्ट असतो. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला तो असेलच असे नाही. आखणी झाली म्हणजे प्रवेश झाला, असे समजून जो घरी जातो त्याची मुदत टळून जाते. म्हणून ‘ही फक्त आखणी आहे, विषयाची नोंदणी महाविद्यालयात करावी लागेल’ हे वाक्य कळेच्या शेजारीच हवे. दूरच्या ‘मदत’ विभागात ते असून उपयोग नाही.

६. शिफारशीचा मोह

ॲपने निर्णयच सुचवावा, असा एक पक्ष आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘कार्टा’ या साधनाचा अनुभव त्याने विचारात घ्यावा. पूर्वीच्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या श्रेणी आणि त्या विषयाला लागलेला वेळ अशी माहिती ते साधन पुरवीत असे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या वापराने गुणांची सरासरी वाढण्याऐवजी काहीशी घटल्याचे आढळले. माहिती अधिक म्हणजे निर्णय चांगला, हे समीकरण स्वयंसिद्ध नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. इतरांनी काय घेतले यावरून पुढच्याला सुचविणारे यंत्र लहान महाविद्यालयात तर एकच वाट पुनःपुन्हा दाखवील. कारण जेथे विषय थोडे, तेथे मागच्यांनी घेतले ते बहुधा आवडीने घेतलेले नसते, उपलब्ध होते म्हणून घेतलेले असते. नाइलाजाची नोंद तेथे आवडीची नोंद म्हणून पुढे चालू राहील.

दुसरा पक्ष म्हणतो की शिक्षक आणि कार्यालयातील लिपिक हेच खरे मार्गदर्शक. ॲपची गरज काय? या म्हणण्यात तथ्य आहे. प्रवेशाच्या खिडकीवरचा अनुभवी लिपिक ‘हे घेशील तर ते सुटेल’ अशी वाक्ये सहज बोलतो, आणि तीच नियोजनाची खरी भाषा आहे. परंतु त्याच्यापुढे रांग असते आणि नियम बदलत राहतात. २०२३ नंतरही चौकटीत फेरबदल झाले आहेत, आणि कोणत्या वर्षी प्रवेश घेतलेल्याला कोणता नियम लागू, हे स्मरणावर सोपविणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. ॲपने प्रत्येक नियमासोबत त्याची तारीख दाखवावी आणि लिपिकाची वाक्यरचना उचलावी. त्याची जागा घेण्याचा हव्यास त्याने धरू नये.

७. निष्कर्ष

या विवेचनातून ॲपच्या परीक्षणाच्या काही कसोट्या निघतात. ते बेरीज दाखविते की निवडीचा परिणाम सांगते? ‘घेता येतो’ म्हणताना चारांपैकी कोणते विधान ते करते? बाहेर पडू पाहणाऱ्याला जादा चार श्रेयांकांची अट ते वेळेवर सांगते काय? आखणी व नोंदणी यांतील भेद त्याच्या क्रियापदांत दिसतो काय? त्याची वाक्ये मराठीच्या व्याकरणाने चालतात काय? रंग व मांडणी यांचा विचार यानंतरचा.

या कामाचा आरंभ संगणकापासून न होता क्षेत्रकार्यापासून व्हावा. एका प्रवेशकाळात घाटंजीसारख्या ठिकाणी खिडकीवर विचारले गेलेले प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव न घेता, जसे विचारले तसे टिपून घेतले, तर ॲपला लागणाऱ्या वाक्यांचा प्रामाणिक संग्रह हाती येईल. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. त्यासाठी मोठे साहाय्य लागत नाही, कान आणि वही पुरेशी आहे. हा संग्रह सिद्ध होईपर्यंत ॲपची रचना आवारातील विद्यार्थ्यालाच डोळ्यांपुढे ठेवून होत राहील, आणि घाटंजीच्या विद्यार्थ्याला पडद्यावर निवड दिसत राहील, तिचा परिणाम मात्र सत्र संपल्यावरच कळेल.